पाचव्या टोलानंतर

१

“ठोक ग पोरी, ठोक कडीला, ऐक कडीची वाणी,
रंगाखाली गंज निजला, जागं करील पाणी.”

हा माझ्या बापाचा आवाज. फ्रेडरिक्सहाउनच्या साखळीशेडमध्ये तो हे गुणगुणायचा. जहाजांच्या साखळ्या जमिनीवर अंथरलेल्या असायच्या, मेलेल्या अजगरांसारख्या. तो पुढे, मी मागे, माझ्या हातात छोटा हातोडा. मी आठ वर्षांची होते. निरोगी कडी ठणकायची, आजारी कडी थप्प करून गप्प बसायची. “ही खोटारडी,” बाप म्हणायचा, आणि तिच्यावर खडूनं फुली मारायचा.

तो हातोडा घेऊन मी जन्मभर तेच केलं. म्हणूनच १९८३च्या नोव्हेंबरात सागरी चौकशी मंडळानं मला स्केगनच्या बंदरात धाडलं.

घडलं होतं ते असं. ‘मारेन टॉफ्ट’ नावाचं मालवाहू जहाज वादळ टाळायला स्केगनच्या आडोशाला नांगर टाकत होतं. सकाळचे दहा वाजले होते. नांगर गेला, त्याच्यामागे अख्खी साखळी गेली, आणि साखळीचं शेवटचं टोक तिच्या कोठडीच्या भिंतीतून उपटून निघताना नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या सारंगाला घेऊन गेलं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आयनार क्विस्ट त्याचं नाव, वय अठ्ठावन्न, मूळचा स्केगनचाच. जहाज वाहत जाऊन वाळूत रुतलं. तिसऱ्या दिवशी ओढून बंदरात आणलं.

कंपनीचं पत्र माझ्या आधी पोचलं होतं. सुबक टंकलेलं. ‘सारंगाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यानं चुकीची घंटा वाजवली, ब्रेक वेळेत आवळला नाही. सबब नांगर व साखळी यांचा नाश त्याच्या हातून झाला.’ खाली शोकसंदेश. मेलेल्या माणसाच्या छातीवर आधी पाय ठेवायचा आणि मग त्याच पायाशी फुलं वाहायची! मला ते पत्र चिमटीत धरवेना.

क्विस्टची मुलगी सिग्ने मासे धुरावण्याच्या शेडमध्ये काम करते. मी गेले तेव्हा ती सळईत हेरिंग ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही पण विचारणार ना, तो पीत होता का?”

“नाही. तो घंटा कशी वाजवायचा, ते विचारणार.”

तेव्हा तिनं सळई खाली ठेवली. “बाई, इथं बायका माझ्यासमोर गप्प बसतात आणि पाठ वळली की म्हणतात, म्हातारा येड्यासारखा घंटा बडवत बसला आणि जहाज घालवलं. एकोणतीस वर्षं तो नाळेवर उभा राहिला. शुक्रवारी तुमचं मंडळ कागदावर लिहिणार, हो, तो येडा होता. मग ते कायमचं. माझं पोर मोठं होईल, ते वाचेल.” तिनं हात एप्रनला पुसले. “मला भरपाई नको. ती ओळ नको.”

तो मंगळवार होता.

२

घंटेचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्याभोवती फिरतं.

साखळी एकसंध नसते. पंधरा-पंधरा वावांचे, म्हणजे नव्वद-नव्वद फुटांचे, तुकडे जोडकड्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात. नांगर सोडताना जोड नाळेवरच्या साखळी ओढायच्या यंत्रावरून पुढे गेला की तिथला माणूस टोल देतो. पहिला जोड, एक टोल. दुसरा, दोन. वादळात ओरडणं वारा खातो, वॉकीटॉकी नुसती खरखरते, पण पितळ ऐकू जातं. आणि नांगर वर ओढताना त्यानं तळ सोडला की घंटा सलग बडवायची. सलग घंटा म्हणजे ‘नांगर सुटला’, दुसरा अर्थ नाही.

क्विस्टनं साखळी सोडत असताना सलग घंटा बडवली. ज्याला जन्मभर हेच येत होतं, त्यानं.

जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या पायलटच्या बोटीवरचा लॉरिड्स त्या वेळी पाव मैलावर होता. सत्तरीचा, तोंडात पाईप, पाईपमध्ये तंबाखू नाही.

“मी मोजले की ग,” तो म्हणाला. “सवय असते. पाच वेळा मोजून टोल पडले, शेवटचे पाच तर इतके स्वच्छ, की वाटलं आयनार रविवारची चर्चची घंटा वाजवतोय. आणि मग लागलीच ढणढणढण! मी आमच्या पोरांना म्हटलं, हा काय नांगर उचलतोय की काय? एवढ्या वाऱ्यात?”

“घाबरून वाजवली असेल?”

“आयनार? त्याला मी एकदाच घाबरलेला पाहिलाय. लग्नाच्या दिवशी.” तो हसला, मग हसू विझलं. “ते बडवणं घाबरटाचं नव्हतं, गुड्रुन. दार ठोठावतात तसं होतं. उघडा म्हणून.”

कॅप्टन रुबेन हाल्कियेर खलाशी निवासात उतरला होता. समोर थंड झालेली कॉफी, दाढी वाढलेली. सरळ माणूस, पण आतून पोखरल्यासारखा दिसत होता.

“खोली चौदा वाव, वारा वाढत होता,” तो म्हणाला. “मी सात तुकडे सोडायला सांगितले. आठ असतात, एक हातचा ठेवला. यात चूक असेल तर सांगा.”

“चूक नाही. मीही सातच सांगितले असते. मग?”

“पाच टोल आले. मग ती घंटा. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी टागेकडे पाहिलं, म्हणजे टागे विंथर, माझा पहिला मेट, माझ्या खालचा अधिकारी. सुकाणू त्याच्याकडे, इंजिनाचा दांडाही त्याच्याच हाताशी. त्यानं तोवर इंजिन पुढे घेतलंसुद्धा होतं. मी तोंड उघडायच्या आत! जहाज पुढे सरकतंय तोच खालून हिसका आला आणि...” त्यानं कॉफीचा पेला फिरवला. “टागेसारखा चपळ माणूस जवळ असावा. अजून अर्धं मिनिट मिळतं तर आयनार वाचला असता.”

“ऑगस्टात जहाज गोदीत होतं. तुम्ही होता?”

“रजेवर होतो. आयनारही. गोदीचं काम कंपनीचे देखरेख अधिकारी बाग्गे बघतात. टागे जहाजावर होता.”

“त्यानंतर नांगर कितीदा टाकला?”

“चारदा-पाचदा. शांत पाण्यात. तीन तुकड्यांवर काम भागायचं.”

मी वहीत लिहिलं: तीन. त्याखाली रेघ मारली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जहाजावर गेले. उजव्या बाजूची साखळी समुद्रात, डाव्या बाजूची मात्र शाबूत. ती मी धक्क्यावर उतरवून घेतली आणि हातोडा घेऊन चालत निघाले. टागे विंथर बरोबर होता. चाळिशीचा, नीटनेटका, नखंसुद्धा साफ.

“बाई, सगळ्या कड्या ठोकणार?” त्यानं विचारलं.

“मुलगी बघायला आलेय, दात मोजल्याशिवाय कशी जाऊ?”

तो हसला नाही.

आठ तुकडे भरले. जोडांच्या दोन्ही बाजूंना मोजखुणेच्या पांढऱ्या कड्या: पहिल्या जोडाला एक-एक, दुसऱ्याला दोन-दोन, अशा. शेवटचा आठवा तुकडा अख्खा तांबडा रंगवलेला. ही या कंपनीच्या जहाजांची जुनी, चांगली रीत: यंत्रावर तांबडं दिसलं की थांब, पुढे साखळी नाही.

“उजवीकडचीही अशीच होती?”

“अशीच.”

“मग आता कोठड्या बघू.”

साखळीची कोठडी म्हणजे नाळेच्या पोटातली लोखंडी विहीर. दोन होत्या, शेजारी शेजारी, मधे पत्रा. आत उतरले आणि रुमाल नाकाला बांधला. साखळी समुद्राचा तळ अंगाला फासून घरात येते. धुवायची असते, कोण धुतो! कुजलेले शिंपले, काळा चिखल, एक अर्धवट मासा, त्यावर वळवळणारं काहीतरी. असल्या घाणीत मी पस्तीस वर्षं उतरतेय. पण तिचा राग कधी आला नाही. ती खरी असते. राग येतो तो भिंतीवरच्या रंगाचा.

भिंती ऑगस्टात साईच्या रंगानं रंगवल्या होत्या. दोन्ही कोठड्या एकाच दिवशी, कागदावर तशी नोंद होती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत ओल्या साखळीच्या ढिगानं त्या रंगावर गंजाचा डाग पाडला होता. पेल्यात चहा राहिला की कड उमटते ना, तशी कड. ढीग जिथवर, तिथवर डाग. वर स्वच्छ साय.

डाव्या कोठडीत ती कड माझ्या खांद्याला लागत होती.

मी वर आले, उजव्या कोठडीत उतरले. टागे वरून टॉर्च दाखवत होता. इथं कड कमरेच्या जरा वर. मी ती बोटानं चाचपली. पुन्हा डावीकडे गेले, पुन्हा आले. वितींनी मोजलं. दोन्ही कोठड्या सारख्या, साखळ्यांची जाडी सारखी, आणि ढीग मात्र पाऊण.

आठाचा पाऊण किती, हे शाळकरी पोरही सांगेल.

“टागे,” मी खालून हाक मारली, “ऑगस्टात साखळ्या गोदीच्या जमिनीवर अंथरल्या होत्या का? मोजल्या होत्या?”

“कागदावर आहे तसं.”

“कागदाचं नाही विचारलं. तुझं विचारलं.”

टॉर्चचा उजेड भिंतीवरून किंचित हलला. “कागदावर माझीच सही आहे,” तो म्हणाला.

मी शिडी चढून वर आले, कठड्यावर ओणवी झाले आणि वारा तोंडावर घेतला. आता मला नाळेवरचा क्विस्ट दिसत होता. आठ तुकड्यांच्या भरवशावर उभा असलेला. पाचवा जोड यंत्रावरून जातो, तो इमानानं पाच टोल देतो, आणि त्याच्यामागून वर काय येतं? पांढऱ्या खुणांची काळी साखळी नाही, तर तांबडी. सातव्या जोडानंतर यायची ती पाचव्यानंतरच. शेवटचा तुकडा! हुकूम सातचा आहे. ओरडून उपयोग नाही. एका हातानं ब्रेक आवळायचा आणि दुसऱ्या हातानं कॅप्टनला सांगायचं, थांबा, हे सुटणार. त्यासाठी रिवाजात घंटा नाहीच. मग रिवाजातली त्यातल्या त्यात जवळची घंटा त्यानं वाजवली. सुटला, सुटला, सुटला.

तो येडा नव्हता. त्या जहाजावर शहाणा तेवढाच होता.

मग दोन तुकडे गेले कुठे?

४

गुरुवारी देखरेख अधिकारी प्रेबेन बाग्गेनं मला घरी कॉफीला बोलावलं. जुन्या स्केगनातलं पिवळं घर, लाल कौलं, वाळूचा रस्ता. दारातूनच हसत आला, गुबगुबीत हात पुढे करून.

“या, या, गुड्रुनबाई! साखळीवाल्या बाईंची कीर्ती ऐकून होतो. वाटलं नव्हतं, इतक्या... गृहिणीसारख्या असाल.”

“हातोडा पर्समध्ये आहे,” मी म्हटलं.

त्यानं मला काचेच्या ओसरीत बसवलं. टेबलावर गूळपाकाच्या वड्यांसारखा चिकट केक, पातळ पेले. तो क्विस्टबद्दल बोलत होता. आवाजात मध घालून.

“चांगला माणूस हो. पण वय! आणि साखळीचं काय, समुद्र आहे, तो घेतो. दर वर्षी किती जहाजांचे नांगर जातात, तुम्हाला का सांगायला हवं?”

“जातात. त्यातले बहुतेक समुद्र नेत नाही, बाग्गे. माणूस देतो. झिजलेली कडी बदलली नाही, ब्रेकचा पट्टा तपासला नाही, जोडाच्या खिळीवरचं शिसं गळालं ते कुणी पाहिलं नाही. हातोडा आणि माप, यापलीकडे फार काही लागत नाही. आणि लाज.”

“वा!” तो म्हणाला. “तुम्ही कविता करता का?”

माझी नजर बाहेर गेली. बागेत गुलाबांची झुडपं, हिवाळ्यासाठी छाटून गोणपाटात बांधलेली. त्यांच्याभोवती जाड लाकडी खुंट, आणि खुंटाखुंटांतून झुलणारी पांढरीशुभ्र साखळी. स्केगनात अशी साखळी दर तिसऱ्या अंगणात असते. कुणी बघतसुद्धा नाही. मीही बघितलं नसतं. पण त्या कड्यांना मधे आडवी दांडी होती. गुंता होऊ नये म्हणून नांगराच्या साखळीलाच ती दांडी घालतात. बागेसाठी कुणी घालत नाही.

“फार सुंदर कुंपण.”

“बायकोची हौस. कॉफी आणखी आणतो हं, ती बाहेर गेलीय.”

तो आत गेला तशी मी बागेत उतरले. कॅलिपरनं कडीची जाडी मापली. या जहाजाच्या नव्या कडीची जाडी चौतीस मिलिमीटर. ही कडी वाकाशी अठ्ठावीस. मोडीत काढायच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. बापाच्या खडूची फुली हिच्यावर केव्हाच पडली असती. चालत चालत लांबी मोजली: खुंटापासून खुंटापर्यंत, गुलाबांना वळसा घालून, तीस वाव. पंधरा आणि पंधरा.

तुकड्याच्या टोकाच्या कडीवर कारखान्याचा आकडा ठोकलेला असतो. मी खाली बसून नखानं पांढरा रंग खरवडला. रंग सालीसारखा निघाला. खाली आकडे होते. ते मी तळहातावर लिहून घेतले.

“काही सांडलं का, बाई?” मागून बाग्गेचा आवाज. हातात कॉफीचं भांडं, ओठांवर तेच हसू. पण त्याची नजर माझ्या नखांखालच्या पांढऱ्या रंगावर होती.

“नाही. गुलाब कोणते, ते बघत होते.”

“पांढरे,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात या. वास घमघमतो.”

मी कॉफी न पिता निघाले. मुक्कामी पोचताच तळहातावरचे आकडे वहीत उतरवले. मग जहाजाच्या साखळीचा दाखला काढला, त्यात प्रत्येक तुकड्याचा आकडा असतो.

५

शुक्रवारी सकाळी अकराला खलाशी निवासाच्या भोजनगृहात सगळे जमले. मंडळाचे दोघे सभासद, कॅप्टन, टागे विंथर, बाग्गे. सिग्ने खिडकीशी, कोट न काढता बसली होती. लॉरिड्स दाराशी उभा, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मी कोठड्यांच्या कडा सांगितल्या. खांदा आणि कंबर. आठ आणि सहा. तांबड्या तुकड्याचं सांगितलं, आणि पाच टोलांनंतर क्विस्टला काय दिसलं ते. कॅप्टन हाल्कियेरचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“सहा?” तो पुटपुटला. “मी सातचा हुकूम दिला... सहावर?”

“कल्पना छान आहे,” बाग्गे म्हणाला. “पण साखळी समुद्राच्या तळाशी आहे. तिथं सहा आहेत की आठ, कोण मोजणार?”

“तळाशी नका जाऊ. तुमच्या गुलाबांपाशी जाऊ.” मी जहाजाच्या साखळीचा जुना दाखला टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी माझी वही. “उजवी साखळी, तुकडा दुसरा आणि तिसरा. आकडे वाचा. काल तुमच्या कुंपणावरून मी हेच उतरवून घेतले. तुम्ही रात्रीत रंग दिलाच असेल, काही बिघडत नाही. ठोकलेला आकडा रंगाला भीक घालत नाही.”

खोलीत खुर्ची करकरली. सिग्ने उठून उभी राहिली होती. “कुंपण?” ती म्हणाली. “माझ्या बापाची साखळी... कुंपणाला?”

बाग्गेनं हात पसरले. अजूनही तो समजावत होता, मला सगळ्यात किळस त्याची आली. “हे बघा, तुकडे झिजलेले निघाले. नवे यायला दहा आठवडे. जहाज तेवढं थांबवायचं? मधले दोन काढले, उरलेले जोडले. तात्पुरतं! किनाऱ्यालगतच्या फेऱ्या. तीन तुकड्यांच्या वर कोण सोडतं हो? आणि ते दोन मोडीतच जायचे, पडून राहण्यापेक्षा...”

“पडून राहण्यापेक्षा शोभेला,” लॉरिड्स दारातून म्हणाला आणि तोंडातला रिकामा पाईप काढून जमिनीवर थुंकला. खलाशी निवासाच्या घासलेल्या फरशीवर. त्याला कुणी हटकलं नाही.

मंडळाच्या सभासदानं विचारलं, “कॅप्टन, तुम्हाला हे कळवलं होतं?”

“मला कळलं असतं तर,” हाल्कियेर म्हणाला, “मी बंदरातून निघालोच नसतो.”

“म्हणजे जहाजावर हे कुणालाच माहीत नव्हतं.”

“एकाला होतं,” मी म्हटलं.

हे मला बोलायला जड गेलं. बाग्गेसारख्यांना उघडं पाडताना हात हलका होतो. मुळात वाईट नसलेल्या माणसाला उघडं पाडताना नाही.

“कॅप्टन, तुम्ही मला सांगितलंत, सलग घंटा ऐकून तुम्हाला वाटलं, सारंगाचं डोकं फिरलं. तुम्ही गोंधळलात. लॉरिड्सही पाव मैलावर गोंधळला. त्या समुद्रावर ज्यानं ज्यानं ती घंटा ऐकली तो गोंधळला, कारण साखळी सोडताना त्या घंटेला अर्थच नाही. एकच माणूस गोंधळला नाही. त्यानं हुकुमाची वाट न बघता इंजिन पुढे घेतलं. साखळीवरचा ताण कमी करायला हेच करायचं असतं, बरोबर तेच. साखळी संपत आली आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच हे सुचेल. तुम्ही त्याला चपळ म्हणालात. जोडांवरच्या खुणा नव्यानं एकापासून पाचापर्यंत कुणीतरी रंगवायला हव्या होत्या, आणि गोदीत जहाजावर एकच अधिकारी होता.”

कुणी टागेकडे पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती. तो आपल्या स्वच्छ नखांकडे बघत होता.

“टागे,” मी म्हटलं, “इंजिन पुढे घेतलंस ते आयनारला वाचवायला. ते मी अहवालात लिहीन. पण पहिल्या टोलापासून पाचव्यापर्यंत बराच वेळ होता.”

“बोलू नकोस, विंथर,” बाग्गे म्हणाला. आता आवाजात मध नव्हता. “वकिलाशिवाय एक शब्द नाही.”

टागे उठला. त्यानं बाग्गेकडे पाहिलंच नाही.

“बाग्गेसाहेब म्हणाले होते, कॅप्टनला मी सांगतो,” तो म्हणाला. “मला म्हणाले, पुढच्या वर्षी तुझं स्वतःचं जहाज. मी खुणा रंगवल्या, कागदावर सही केली. मला वाटत होतं, कॅप्टनला ठाऊक आहे. रोज वाटत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं.”

“मग त्या दिवशी?” सिग्नेनं विचारलं. आवाज इतका शांत, की भोजनगृहाच्या स्वयंपाकघरातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी कॅप्टन म्हणाले, सात सोडा. तेव्हा मला कळलं, यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. पहिला टोल पडला. म्हटलं, तिसऱ्यावर नांगर धरेल, कॅप्टन थांबवतील. तिसरा पडला. म्हटलं, चौथ्यावर. आता बोललो तर सही पुढे येते, जहाज जातं, सगळं जातं. मी मनात नांगराला सांगत होतो, धर, धर रे. चौथा पडला. आयनार इतके संथ टोल देत होता. मला वेळ देत असल्यासारखे.”

“काय बोलायचं होतं तुला?” सिग्ने म्हणाली. “तेव्हा. काय शब्द होते?”

“आता काय उपयोग...”

“मला ऐकायचेत. किती मोठे होते ते मला बघायचंय.”

टागे विंथर कॅप्टनकडे वळला. जहाजावर उभा राहत असेल तसा सरळ उभा राहिला, हात खाली सोडून. मग म्हणाला,

“कॅप्टन, सहाच आहेत.”